स्विच नंबर एकवीस

"मॅडम, एक वाशीचा पूल आणि एक ऐरोलीचा पूल," पारसनीस म्हणाला, आणि त्याने पांढऱ्या फळ्यावर दोन कमानी काढल्या.

जानेवारीतला रविवार होता, सकाळचे अकरा. आमच्या विमा कंपनीच्या महाप्यातल्या डेटा सेंटरमध्ये त्या दिवशी जुन्या जोडण्या काढून नव्या करायच्या होत्या. तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुख माहिमकर मॅडम सुटीचा दिवस असूनही कडक इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या आणि खुर्ची पुढे ओढून ऐकत होत्या.

"अलीकडे आपला मेनफ्रेम," पारसनीस म्हणाला. "पलीकडे डिस्कची कपाटं. त्यात सगळ्या पॉलिसी, सगळे दावे. आजवर मेनफ्रेममधून प्रत्येक कपाटाला थेट केबल जायची. जंगल झालं होतं केबलचं. आजपासून सगळ्या केबल या दोन स्विचमध्ये येतील आणि तिथून कपाटांकडे जातील. एक स्विच पहिल्या हॉलमध्ये, एक दुसऱ्या. एक पूल बंद पडला, तर वाहतूक दुसऱ्यावरून. काम थांबणार नाही."

"म्हणजे बंद पडणं हा विषयच संपला."

"संपला, मॅडम."

मी मागच्या खुर्चीत चहा पीत त्याच्या बुटांकडे बघत होतो. टोकदार, चकचकीत बूट, त्यावर दारात दिलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेल्या. एकोणतीस वर्षांचा मुलगा. हैदराबादच्या एका सल्लागार कंपनीने पाठवलेला. त्याला पूल काढता येत होते. पुलावरून काय जातं, हे माहीत असावं असं त्याच्या बोलण्यातून कधी वाटलं नाही.

"केळुसकर, तुम्हाला काही विचारायचंय?" मॅडमनी मागे वळून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "चित्र छान आहे."

पारसनीस हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो. मेनफ्रेमच्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य संगणकाच्या, जोडण्यांची फाइल सोळा वर्षं माझ्या हातात होती. मेनफ्रेममधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेला चॅनल म्हणतात. कुठला चॅनल कुठल्या स्विचच्या कुठल्या छिद्रात जातो आणि तिथून कुठल्या कपाटाला पोचतो, हे सगळं त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. मशीन फक्त त्या फाइलवर विश्वास ठेवतं. प्रत्यक्षात केबल लावलेली असली आणि फाइलमध्ये तसं नसलं, तर त्याच्या लेखी ती केबल नाहीच. कंपनीत ती फाइल वाचता येणारा मी एकटा होतो, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. माहिमकर मॅडमना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. माझ्या हाताखालच्या दोघांना अर्धवट कळत होतं, म्हणजे ते जास्त धोक्याचे होते. आणि कुलथेंना कळण्याचा प्रश्नच नव्हता.

रंगनाथ कुलथे केबल टाकायचे. पैठणकडचा माणूस, आयटीआय झालेला, एकतीस वर्षं नोकरी. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. नंतर एक वर्षाची मुदतवाढ मिळेल असं मॅडमनी तोंडी कबूल केलं होतं, कारण त्यांच्याइतकी सफाईने केबल ओढणारं दुसरं कुणी नव्हतं. मला त्यांचा राग येई तो त्यांच्या बोलण्याचा. स्विचला ते 'पेटी' म्हणत, पोर्टला 'भोक'. मीटिंगमध्ये एवढ्या मोठ्याने 'भोक' म्हणत की मॅडम टेबलाकडे बघायच्या. मी त्यांना दोनदा शब्द सांगितला होता. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि पुढच्याच वाक्यात 'भोक' म्हटलं.

त्या रविवारी दुपारी दोनपर्यंत कुलथेंनी आणि त्यांच्याबरोबरच्या दोघांनी सगळ्या केबल हलवल्या. अडीचला मी मेनफ्रेम नव्या फाइलवर सुरू केला. पावणेतीनला पॉलिसीचा पहिला पडदा उघडला. पारसनीसने टाळ्या वाजवल्या, त्यामुळे सगळ्यांना वाजवाव्या लागल्या. मॅडमनी वरच्या साहेबांना फोन लावला आणि 'दोन पूल' हे शब्द आपल्याला आत्ताच सुचल्यासारखे वापरले.

"सर, तुमची फाइल तशी जुन्या पद्धतीची आहे," पारसनीस सामोसा खाता खाता मला म्हणाला. मॅडम शेजारीच होत्या. "पण चालली."

"चालते ती," मी म्हणालो.

"पुढच्या टप्प्यात आपण ती सगळी आपोआप तयार करून घेऊ. म्हणजे एका माणसावर अवलंबून राहायला नको."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मी बघितलं.

साडेतीनच्या सुमारास कुलथे माझ्याकडे आले. मी कन्सोलसमोर एकटाच होतो. बाकीचे खाण्याच्या खोलीत होते. ते दारात थांबले, हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, जरा येता का दुसऱ्या हॉलात?"

"कशाला?"

"त्या पेटीचे दिवे नुसते पेटलेत. हालत नाहीत."

"म्हणजे काय?"

"पहिल्या हॉलातल्या पेटीचे कसे लुकलुकतात, काम चालू असलं की. हिचे तसे नाहीत. केबल सगळ्या नीट आहेत, मी दोनदा बघितल्या. दिवा हिरवा आहे म्हणजे केबल पोचलीय. पण तिच्यातून काही जात नाही. आठही भोकं तशीच."

"कुलथे," मी म्हणालो, "सिस्टिम चालू आहे. पडदे उघडतायत. तुम्हाला दिवे बघायला ठेवलंय का?"

"नाही. दिसलं म्हणून सांगितलं."

"मग जेवून घ्या. तुमचं काम झालं."

ते गेले. दार लावताना त्यांनी ते हळू लावलं, आवाज होऊ न देता. मी पुन्हा कन्सोलकडे वळलो.

*

एका स्विचची वीज काढून दुसऱ्यावर काम चालतं का, हे बघायची चाचणी फेब्रुवारीतल्या चौथ्या रविवारी ठरली होती. वरचे साहेब स्वतः येणार होते. मी त्या रविवारची वाट बघत होतो. घरी बायकोने विचारलं, "हल्ली खुशीत दिसताय?" तेव्हा मी म्हणालो, "एका माणसाची परीक्षा आहे." तिला वाटलं, ऑफिसातल्या कुणाची तरी बढतीची परीक्षा असेल.

चाचणीच्या आधीच्या बुधवारी मॅडमच्या केबिनमध्ये बैठक झाली. पारसनीस हैदराबादहून फोनवर होता.

"मॅडम, चाचणी घेता येईल," तो म्हणाला, "पण माझ्या मते गरज नाही. सहा आठवडे सिस्टिम एकदाही अडखळलेली नाही. आम्ही प्रमाणपत्र दिलेलं आहे. चालू गाडीची चाकं काढून बघण्यात अर्थ काय?"

"केळुसकर, तुमचं मत?"

"चाचणी घ्यायला हवी," मी म्हणालो.

"का?" फोनमधून आवाज आला. "सर, तुम्हाला काही विशिष्ट शंका आहे का?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

"शंका नाही. पद्धत असते," मी म्हणालो.

"केळुसकरांना नव्या गोष्टींवर विश्वास ठेवायला वेळ लागतो," मॅडम फोनकडे बघून म्हणाल्या आणि हसल्या. तिकडून पारसनीसही हसला. तिसऱ्या मिनिटाला चाचणी रद्द झाली. मला सही करायला कागद आला, त्यावर मी 'हरकत नाही' असं लिहिलं. मनात म्हटलं, मरा.

*

मार्चच्या सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिल्या हॉलमधल्या एसीची नळी तुंबली आणि पाणी छतातून खाली आलं. फार नव्हतं, बादलीभर असेल. पण नेमकं पहिल्या स्विचच्या कपाटावर पडलं. स्विच बंद पडला आणि त्याच क्षणी मेनफ्रेमला एकही डिस्क दिसेनाशी झाली.

आमच्याकडे आरोग्य विम्याचं काम मोठं होतं. रुग्णालयातून विनंती यायची, मशीन पॉलिसी तपासायचं आणि उपचाराला मंजुरी जायची. ती मंजुरी देशभर थांबली. मार्चअखेर असल्यामुळे शाखांमध्ये रांगा होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत माझ्या टेबलावरचे दोन्ही फोन वाजायला लागले. मॅडम पळत खाली आल्या.

"दुसरा पूल कुठंय?" त्या म्हणाल्या. "केळुसकर, दुसरा पूल कुठंय?"

"बघतो," मी म्हणालो.

पारसनीसला फोन लावला. तो म्हणाला, दुसऱ्या स्विचवर सगळे दिवे हिरवे दिसतायत, तिथे प्रॉब्लेम नाही, मेनफ्रेमकडे बघा. मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मी एक यादी उघडली, दुसरी उघडली, कपाटांचे नंबर कागदावर उतरवले, पुसले. कुलथे पहिल्या हॉलमध्ये शिडीवर चढून कपाटावर प्लॅस्टिकचा कागद धरून उभे होते. पाणी त्यांच्या बाहीतून खाली गळत होतं. काचेतून मला ते दिसत होते.

मॅडमच्या मोबाइलवर सांगलीच्या शाखेतून फोन आला. त्या ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "एका बाईला साडेअकराला शस्त्रक्रियेसाठी आत घ्यायचं होतं. मंजुरीशिवाय रुग्णालय घेत नाहीये. उपाशी ठेवलंय तिला काल रात्रीपासून. तिचा मुलगा शाखेत येऊन बसलाय. काय सांगू त्याला?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

बारा वाजायला आले असताना मी म्हणालो, "सापडलं." दुसऱ्या स्विचच्या पडद्यावर एक आकडा बदलला, स्विच पुन्हा सुरू केला आणि आठ चॅनल एकामागून एक जागे झाले. ते काम चार मिनिटांचं होतं. मग मेनफ्रेम उठवणं, डेटा तपासणं यात तीन वाजले. सांगलीच्या बाईंची मंजुरी साडेतीनला गेली. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली आणि त्या बऱ्या झाल्या, असं नंतर कळलं. मी मुद्दाम चौकशी केली होती.

मॅडमनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "केळुसकर नसते तर," एवढंच म्हणाल्या आणि वाक्य अर्धं सोडलं.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. मोजून चौदा ओळींचा. त्यातली एक ओळ अशी होती: 'दुसऱ्या स्विचकडील जोडणीतील त्रुटी शोधून ती दूर करण्यात आली.'

*

चौकशीला मुख्यालयातून दाते नावाचे गृहस्थ आले. बारीक, पांढऱ्या भुवयांचे, प्रत्येक उत्तर स्वतःच्या हाताने लिहून घेणारे. तांत्रिक काही कळत नव्हतं त्यांना. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या अहवालातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"जोडणीतील त्रुटी. जोडणी म्हणजे?"

मी तोंड उघडण्याआधी पारसनीस म्हणाला, "सर, केबलिंग." तो हैदराबादहून खास आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"केळुसकर?"

"जोडणी ही व्यापक संज्ञा आहे," मी म्हणालो.

दात्यांनी 'केबलिंग' असं लिहिलं.

काय झालं होतं ते आता सांगतो. त्या खोलीत ते दोघांनाच माहीत होतं, मला आणि, मी बदललेला आकडा बघितल्यावर, पारसनीसला. मेनफ्रेम सोळाच्या पटीत मोजतो. नऊनंतर त्याच्याकडे दहा येत नाही, ए येतो, मग बी, असं एफपर्यंत, आणि मग दहा. म्हणजे त्याचा दहा हा आपला सोळा, आणि त्याचा एकवीस हा आपला तेहेतीस. प्रत्येक स्विचला स्वतःचा एक नंबर असतो, आणि फाइलमधला नंबर आणि स्विचमध्ये भरलेला नंबर एकच लागतो. मी फाइलमध्ये पहिल्या स्विचला एक आणि दुसऱ्याला एकवीस नंबर दिला होता. पारसनीसला पाठवलेल्या तक्त्यातही तेच आकडे होते. त्याने ते जसेच्या तसे स्विचमध्ये भरले. पण स्विच आपल्यासारखा दहाच्या पटीत मोजतो. एक दोन्हीकडे एकच असतो, म्हणून पहिला स्विच चालला. दुसऱ्यात तेहेतीस भरायला हवे होते, तिथे एकवीस भरले गेले. मेनफ्रेमने त्या स्विचला विचारलं, तू कोण. उत्तर चुकीचं आलं. मेनफ्रेमने त्याच्याकडची आठही दारं लावून घेतली आणि उरलेल्या आठांवर काम सुरू केलं.

तक्ता पाठवताना आकडे सोळाच्या पटीतले आहेत असं खाली लिहायचं की नाही, हा विचार माझ्या मनात आला होता. मी लिहिलं नाही. मेनफ्रेमच्या कामाला हात घालणाऱ्याला एवढं माहीत असावं असं मला वाटलं. नसेल तर त्याने विचारावं. मला त्याला विचारायला लावायचं होतं.

आणि त्या जानेवारीतल्या रविवारी कुलथे दार हळू लावून गेले, तेव्हा मी कन्सोलकडे वळून मशीनला विचारलं, किती चॅनल चालू आहेत. उत्तर आलं, सोळापैकी आठ. पाचव्या मिनिटाला कारणही कळलं. खाण्याच्या खोलीतून पारसनीसचं हसणं ऐकू येत होतं. तिथे जाऊन एक वाक्य बोललो असतो, तर चहा निवायच्या आत काम झालं असतं. पण मग ते चार लोकांत हसण्यावारी गेलं असतं. मला ते चाचणीच्या दिवशी, वरच्या साहेबांसमोर, स्विचची वीज काढल्यावर व्हायला हवं होतं. पारसनीसच्या पुलावरून सगळी गाडी खाली गेलेली मला बघायची होती. चाचणी रद्द झाली तेव्हा सांगता आलं असतं, पण मग सहा आठवडे गप्प का बसलात, असं कुणीतरी विचारलं असतं. आणि सत्तावीस मार्चला अकरा वाजून अकरा मिनिटांनी मला उत्तर माहीत होतं. इतक्या लवकर सापडलं तर शंका येईल, म्हणून मी चाळीस मिनिटं शोधायचं नाटक केलं. सांगलीच्या बाई त्या चाळीस मिनिटांत उपाशीच होत्या.

दुसऱ्या दिवशी दात्यांनी कुलथेंना बोलावलं. मलाही तिथे बसायला सांगितलं होतं, तांत्रिक शब्द समजावायला. कुलथे धुतलेला सदरा घालून आले होते आणि खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"केबल तुम्ही लावल्या?"

"हो साहेब."

"लावल्यावर तपासल्या?"

"दोनदा तपासल्या. बरोबर होत्या."

"अहवालात त्रुटी होती असं आहे."

"असेल साहेब. केबलमध्ये नव्हती."

"मग तुम्हाला त्या दिवशी काहीच वावगं दिसलं नाही?"

"दिसलं. दिवे हालत नव्हते."

दात्यांनी मान वर केली. "काय?"

"पेटीचे दिवे. नुसते पेटलेले होते. काम चालू असलं की लुकलुकतात. हे लुकलुकत नव्हते."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं?"

खोलीत पंखा नव्हता, एसी होता, त्याचा आवाज मला एकदम मोठा वाटायला लागला. मी माझ्या पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. कुलथेंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. बसमध्ये रिकाम्या जागेवर रुमाल दिसावा आणि माणसाने पुढे जावं, तेवढंच. मग ते दात्यांकडे बघून म्हणाले, "नाही सांगितलं."

"दिसूनही नाही सांगितलं?"

"नाही."

दाते बराच वेळ लिहीत होते.

कुलथेंच्या कागदपत्रांत निष्काळजीपणाचा शेरा आला. मुदतवाढ गेली. उरलेले आठ महिने त्यांना तुर्भ्याच्या गोदामात पाठवलं, जिथे जुनी टेबलं, बिघडलेले प्रिंटर आणि कापलेल्या केबलची भेंडोळी असत. पारसनीसच्या कंपनीला पुढच्या टप्प्याचं काम मिळालं. मला मेमध्ये बढती मिळाली. त्या संध्याकाळी पारसनीसचा मेसेज आला, 'अभिनंदन सर, आणि थँक्स.' ज्या माणसाला मी अडाणी समजत होतो, त्याला माझं गुपित माहीत होतं आणि मला त्याचं, आणि आम्ही एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. मी मेसेज पुसला. उत्तर आधी दिलं, मग पुसला.

*

जूनमध्ये मी तुर्भ्याला गेलो. दोन महिने मी स्वतःला सांगत होतो की कुलथेंनी मोठेपणा केला. साधा माणूस, वरिष्ठाला वाचवलं. त्यांचे आभार मानायला हवेत, आणि मुदतवाढीसाठी मी मॅडमकडे शब्द टाकेन असंही सांगायला हवं. गाडीत बसून मी ती वाक्यं जुळवली. त्यात मी फार चांगला दिसत होतो.

गोदाम मोठं आणि गरम होतं. कुलथे एका टेबलाशी उभे राहून जुन्या केबलची लांबी मोजून भेंडोळ्यांना चिठ्ठ्या बांधत होते. मला बघून त्यांनी हातातली गाठ आधी पुरी केली.

"या साहेब."

दोन खुर्च्या होत्या. बसा म्हणाले नाहीत, म्हणून मी उभाच राहिलो.

"कुलथे, मी तुमचे आभार मानायला आलोय."

"कशाचे?"

"तुम्हाला माहीत आहे. दात्यांसमोर तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. तुम्ही केलंत ते कुणी करत नाही. एवढा मोठा उपकार..."

"उपकार नाही केला," ते म्हणाले.

"तुमचा विनय आहे."

"विनय कसला." त्यांनी पुढचं भेंडोळं ओढलं. "साहेब, मी तुमचं नाव घेतलं असतं, तर त्यांनी तुम्हाला विचारलं असतं. तिथंच बसला होता तुम्ही. तुम्ही नाही म्हणाला असता."

मी टेबलावरची एक चिठ्ठी उचलून पुन्हा ठेवली.

"मग माझ्या शब्दापुढे तुमचा शब्द. त्यांनी तुमचा धरला असता. म्हणजे मी निष्काळजी तर झालोच असतो, वर खोटारडा पण झालो असतो. साहेबावर आळ घेणारा. एकतीस वर्षांनी निष्काळजी म्हणवून घेऊन घरी जाता येतं. माणूस आहे, चुकतो. खोटारडा म्हणवून घेऊन मी पैठणला तोंड नसतं दाखवलं."

"पण मी खरं बोललो असतो तर?" मी विचारलं. "तुम्हाला तसं वाटलं नाही का एकदाही?"

त्यांनी सुतळी तोंडात धरून तोडली आणि माझ्याकडे नीट बघितलं. त्यात राग नव्हता. सोळा वर्षांत मी त्यांच्याकडे बघायचो, तसं ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही अशा माणसाकडे बघतात तसं.

"नाही वाटलं," ते म्हणाले.

मी मुदतवाढीचं वाक्य बोललो. अर्धवट बोललो. ते म्हणाले, "नको. मुलीकडे जाणार आहे." मग म्हणाले, "गेट साडेपाचला बंद करतात साहेब, तुमची गाडी आत असेल तर बघा." आणि ते पुढची केबल मोजायला वाकले.

याला आता बरीच वर्षं झाली. कुलथे चुकले होते असं स्वतःला सांगून बघण्याचा प्रयत्न मी केला. जमला नाही. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी घरी टेबलाशी बसून एक वाक्य कागदावर लिहिलं होतं, ते घोकलं होतं, आणि कागद फाडून टाकला होता. 'कुलथे मला असं काही बोलल्याचं मला स्मरत नाही.' दाते माझ्याकडे वळले असते, तर मी ते बोललो असतो, अडखळलो सुद्धा नसतो.